रेड्याच्या मानेतून निघालेला माणूस

व्हिडिओ गेममध्ये राक्षस हजारांनी मरतात आणि त्यातला एखादाच लक्षात राहतो. तो सर्वांत बलवान असतो म्हणून नव्हे. त्याला पाहताच मनात शंका येते, की हा फक्त राक्षसच आहे का? भुयारी खेळांतली ही अशुभ भेट कशी घडवली जाते, ते या लेखात पाहू. त्यासाठी तुळजापूरला जायचे आहे, कारण अशा भेटीचा आपल्याकडचा जुना आणि सर्वांत धाडसी नमुना तुळजाभवानीच्या पायापाशी दगडात कोरलेला आहे.

डंजन क्रॉलर म्हणजे काय

डंजन म्हणजे तळघर, भुयार, अंधारकोठडी. या प्रकारच्या खेळात नायक जमिनीखाली मजल्यामागून मजला उतरत जातो. प्रत्येक मजल्यावर खोल्या, बोळ, कुलुपे, खजिना आणि शत्रू असतात. मूळ कल्पना १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागदपेन्सिलीच्या खेळातली. संगणकावर तिला पक्के रूप मिळाले ते १९८०च्या ‘रोग’मध्ये. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो लिहिला. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावर फक्त अक्षरे होती आणि इंग्रजी मुळाक्षरांतले एकेक अक्षर म्हणजे एकेक राक्षस. भुयाराचा नकाशा दर डावाला नवा तयार होई, आणि एकदा मेलात की सारे पहिल्यापासून.

त्या अक्षरांचीही लोकांना भीती वाटे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बोळाच्या टोकाला अचानक एक अक्षर उमटते, ते आपल्या दिशेने सरकते, आणि आपल्याकडे औषध उरलेले नसते. भय चित्रात नसते, परिस्थितीत असते. पुढच्या चाळीस वर्षांत चित्रे कितीही सुधारली, तरी चांगल्या खेळकर्त्यांनी हा धडा सोडला नाही.

भेट अंगावर कशी येते

‘डायब्लो’ हा १९९६च्या अगदी अखेरीस आलेला खेळ घ्या. गावातल्या पडक्या चर्चखाली सोळा मजले आहेत. आत शिरण्याआधी दाराबाहेर एक जखमी गावकरी पडलेला दिसतो. आत काय आहे ते तो कसाबसा सांगतो आणि मरतो. बुचर, म्हणजे खाटीक, अजून दोन मजले दूर आहे; पण त्या क्षणापासून तो आपल्या सोबतच चालत असतो. दुसऱ्या मजल्यावर एक बंद खोली लागते. दार उघडायचे की नाही, हे आपल्या हातात. उघडले की आत रक्तामांसाचा चिखल आणि धावत येणारा तो. त्याला ताकदीने हरवणे कठीण असते, पण असे कठीण शत्रू शेकड्यांनी आहेत. खाटीक लक्षात राहिला, कारण आधी त्याची वार्ता आली, मग दार आले, आणि दार आपणच उघडले.

त्याच खेळाचा शेवट याहून खोल आहे. सोळाव्या मजल्यावर डायब्लोला मारले की त्याचे अक्राळविक्राळ शरीर गळून पडते आणि तिथे एक लहान मुलगा उरतो. तो राजपुत्र आल्ब्रेक्ट. राक्षसाने त्याच्याच देहात घर केले होते. ज्याला मारायला आपण इतके खाली उतरलो, त्याच्या आत हे होते.

२०११च्या ‘डार्क सोल्स’मध्ये सिफ नावाचा एक प्रचंड लांडगा आहे. तो आपल्या मेलेल्या धन्याच्या समाधीवर पहारा देतो आणि तोंडात धन्याची तलवार धरून लढतो. त्याची ताकद संपत आली की तो लंगडू लागतो. वार करतो, तोल जातो, पुन्हा उठतो. हा खेळ निर्दय म्हणून प्रसिद्ध, तरी या ठिकाणी कित्येक खेळाडूंचा हात थांबतो. लांडगा दुष्ट नाही. तो फक्त आपल्या वाटेत आहे, किंवा नीट पाहिले तर आपणच त्याच्या वाटेत आलो आहोत.

दोन्ही ठिकाणी युक्ती एकच आहे. प्राणी पुरता शत्रू नसतो. त्याच्यात दुसरे काहीतरी अर्धे अडकलेले असते. माझ्या मते अशुभ भेटीचे सारे मर्म या अर्धेपणात आहे.

तुळजापूरची उतरण

सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात तुळजापूर आहे. बहुतेक देवी उंचावर बसतात आणि भक्त पायऱ्या चढतात. इथे डोंगरावर आल्यावर पुन्हा खाली उतरायचे असते. बाजारपेठेतून महाद्वारात आलात की पायऱ्या सुरू होतात. वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ लागते. तिथे हातपाय धुऊन किंवा स्नान करून, सिद्धिविनायकाला नमस्कार करून, निंबाळकर दरवाजातून मुख्य आवारात जायचे. रस्त्यावरचा गलबला मागे वर राहतो. शेवटी गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची, साधारण तीन फूट उंचीची, आठ हातांची भवानी.

मंदिराच्या मागच्या बाजूला चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे फिरला तर काम होणार, डावीकडे फिरला तर नाही, आणि हललाच नाही तर थांबावे लागणार, अशी श्रद्धा आहे. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल घेत, असे लोक सांगतात. मोठ्या भेटीआधी उत्तर मागण्याची अशी जागा जगभरच्या भुयारी खेळांत पुन्हा पुन्हा येते. इथे ती रोज हजारो तळव्यांनी गुळगुळीत होते आहे.

तालुक्यातली आणखी एक जागा सांगायलाच हवी. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे काम. पावसाळ्यात बांध भरून वाहू लागला की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, आणि बांधाच्या आतल्या दालनात उभे राहिले की डोक्यावरून, डोळ्यांसमोरून नदी पडत असते. आत मात्र कोरडे. अरुंद जिना, दगडी कमान, पुढे पाण्याचा पडदा, आणि दुसरा कुठलाही आवाज पोचणार नाही एवढा घोष. भुयाराची कल्पना करण्यासाठी मराठी खेळकर्त्याला परदेशी किल्ल्यांची चित्रे शोधायची गरज नाही.

पायाखालचा महिष

तुळजाभवानीच्या हातांत त्रिशूळ, बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य, पानपात्र आहे, आणि एका हातात राक्षसाची शेंडी. पाठीवर भाता. मुखाच्या दोन्ही बाजूंना चंद्र आणि सूर्य. उजवा पाय महिषासुरावर, डावा जमिनीवर, आणि दोन पायांच्या मध्ये महिषाचे मस्तक. उजवीकडे सिंह आणि मार्कंडेय ऋषी, डावीकडे कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती. एरवी मूर्ती महावस्त्रात असते, त्यामुळे रांगेतून पुढे सरकणाऱ्या भाविकाला मुख दिसते आणि खालचा हा प्रसंग वस्त्राआड राहतो.

शेंडी हा तपशील नीट पाहावा. रेड्याला शेंडी नसते, माणसाला असते. म्हणजे देवीने धरला आहे तो माणूस, आणि तिच्या पायांमध्ये पडले आहे ते रेड्याचे डोके. एकाच शत्रूचे दोन भाग एकाच क्षणी.

याचा खुलासा दुर्गासप्तशतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. महिषासुर रेडा होऊन खुरांनी पृथ्वी खणतो, शिंगांनी डोंगर भिरकावतो, शेपटीने समुद्र उसळवतो. देवी त्याला पाशात बांधते. तो रेड्याचे रूप टाकून सिंह होतो. सिंहाचे डोके उडवायला जावे तर तलवार घेतलेला माणूस. त्याच्यावर बाण सोडावेत तर हत्ती. हत्तीची सोंड कापली की पुन्हा रेडा. आजच्या खेळांत मोठा शत्रू हरत आला की रूप बदलतो, लढाईला नवी फेरी सुरू होते आणि खेळाडूला नवी चाल शोधावी लागते. ते गणित या कथेत दीड हजार वर्षांपूर्वीच मांडलेले आहे. शेवटी देवी उडी मारून त्याच्यावर चढते, मानेवर पाय देते, शूल खुपसते; आणि तो रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर येतो. अर्धाच. देवीच्या तेजाने तिथेच अडकतो, तसाच लढत राहतो आणि तलवारीने मारला जातो.

शिल्पकारांना हा क्षण पेलायला वेळ लागला. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या लेण्यात महिष उभा आहे: धड माणसाचे, डोके रेड्याचे, हातात गदा. तिथे सामना बरोबरीचा वाटतो. मध्ययुगात दुसरी रचना रूढ झाली. रेड्याचे डोके तुटून पडले आहे आणि कापलेल्या मानेतून माणूस वर येतो आहे. देवीने त्याचे केस धरले आहेत आणि तो मागे वळून तिच्याकडे पाहतो. अनेक मूर्तींत त्या माणसाचा चेहरा क्रूर नाही, चकित आहे. क्रीटच्या चक्रव्यूहातला मिनोटॉर, ज्याच्यावरून पाश्चात्त्य भुयारी खेळांनी कितीतरी राक्षस घडवले, तो माणसाच्या धडावर बैलाचे डोके असलेला प्राणी आहे. तो जन्मभर तसाच असतो. आपला महिष त्या क्षणी बदलतो आहे. अशुभ आणि करुण असे दोन्ही त्या बदलण्यात आहे.

शेतातला म्हसोबा

आता देवळातून बाहेर या. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर, गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला एखादा तांदळा असतो आणि लोक त्याला म्हसोबा म्हणतात. नांगरणीला, पेरणीला, मळणीला त्याला नारळ फुटतो, कोंबडे कापले जाते. तो कोपला तर गुरे आजारी पडतात. सांभाळला तर राखण करतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात या म्हसोबाचे नाते महिषासुराशी जोडले. पुरंदर तालुक्यातल्या वीर गावी म्हस्कोबा हे मोठे दैवत आहे. माघी पौर्णिमेला त्याचे जोगेश्वरी देवीशी लग्न लागते. आजचे भाविक त्याला काळभैरवाचे रूप मानतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण धनगर, गवळी, शेतकरी यांच्या दैवतांचा माग काढणाऱ्या गुंथर सोंथायमर यांच्यासारख्या अभ्यासकांना या सगळ्यात म्हशी राखणाऱ्या समाजांचा जुना देव दिसला. झारखंडमधले असुर आदिवासी तर महिषासुराला आपला पूर्वज मानतात आणि दुर्गापूजेच्या दिवसांत शोक पाळतात.

म्हणजे तोच रेडा एका जागी देवीच्या पायाखाली आहे, दुसऱ्या जागी तिच्याशेजारी बोहल्यावर आणि तिसऱ्या जागी बांधावर एकटा, राखणदार. आपल्या आजीला यात विसंगती वाटली नाही. ती नवरात्रात घट बसवायची आणि पेरणीला म्हसोबालाही निवद दाखवायची. कोणत्याही खेळकर्त्याने हेवा करावा असा हा प्राणी आहे: त्याला मारायचे की पुजायचे, हे त्याच्या रूपावर ठरत नाही, तो कुठे भेटला यावर ठरते.

दिवटीचा हिशेब

भुयारी खेळात उजेड ही वस्तू असते. ती सरते, मोजावी लागते. २०१६च्या ‘डार्केस्ट डंजन’मध्ये मशाल मंदावेल तसे शत्रू भयंकर होतात, बरोबरीने खजिनाही वाढतो. तिथे एक वेदी आहे. तिच्यात आपली मशाल ठेवली की सगळा उजेड एकदम जातो आणि शॅम्बलर नावाचा, कुठल्याच लोकातला न वाटणारा प्राणी समोर येतो. म्हणजे त्याला बोलवायचे तर उजेड अर्पण करावा लागतो.

भवानीचा गोंधळ रात्री घालतात. संबळ आणि तुणतुणे सुरू होते. एकाच्या हातात पेटती दिवटी असते आणि दुसरा तिच्यावर थोडे थोडे तेल सोडत राहतो. तेल पडले की ज्योत फुरफुरते, गोंधळ्याच्या गळ्यातल्या कवड्या क्षणभर चकाकतात, पुन्हा अंधार पुढे सरकतो. ही दिवटी रात्रभर विझू द्यायची नसते. आख्यान रंगात आले तरी तेलाकडे एकाचे लक्ष असतेच. उजेड राखणे हे एका माणसाचे पूर्णवेळ काम आहे, हे गोंधळाने जितके स्पष्ट दाखवले तितके कुठल्याही खेळाने दाखवलेले मला माहीत नाही.

पुण्यात घडलेली राजी

देवी आणि असुर यांची गोष्ट खेळात आणण्याचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ २०२०च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आणला. राजी आणि गोलू ही बहीणभाऊ, कसरती करून जगणारी. असुर मुलांना पळवतात, त्यात गोलू जातो. दुर्गा राजीला निवडते आणि त्रिशूळ देते. पूर्ण वाटचालीत दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद कानावर येत राहतो. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैलीचे रंग, छायाबाहुल्यांतून सांगितलेले प्रसंग. पाहत राहावे असे काम आहे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले.

शस्त्र हातात येण्याचा प्रसंग इथे आपल्या परंपरेशी नेमका जुळतो. सप्तशतीत शंकर शूल देतो, विष्णू चक्र, वरुण शंख, वायू धनुष्य, हिमालय सिंह. पुढे तीच भवानी शिवाजी महाराजांना तलवार देते. नवरात्रात तुळजापूरला भवानी तलवार अलंकार पूजा मांडतात ती याच प्रसंगाची. राजी या साखळीतली नवी कडी आहे.

पण असुरांच्या बाबतीत हा खेळ कमी पडतो, असे मला वाटते. ते येतात, रिंगण बंद होते, राजी त्यांना मारते, रिंगण उघडते. महाबलासुर नावाने महिषासुराचा भाऊ शोभतो, तरी त्याच्या मानेतून कुणी बाहेर येत नाही. शस्त्र, वास्तू, वाणी सगळे आपले आले. तो अर्धा माणूस मात्र यायचा राहिला.

झोपणारी देवी

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. सिंहासनावरून तिला उचलून पलंगावर निजवतात, तेही वर्षातून तीनदा. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रम निद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. पहिली झोप युद्धाच्या तयारीची आणि दुसरी युद्धाच्या थकव्याची, असे भाविक मानतात. जिंकलेल्या देवीला थकवा येतो हे मान्य करणारी ही कल्पना फार माणुसकीची आहे.

‘डार्क सोल्स’मध्ये खेळाडू धुनीपाशी बसला की जखमा भरतात, पण त्याच क्षणी मारलेले बहुतेक शत्रू पुन्हा जिवंत होतात. विश्रांतीची किंमत ही. तुळजापुरातही देवी विसावते, उठते आणि पुढच्या अश्विनात दुर्गाष्टमीला पुन्हा महिषासुरमर्दिनी अलंकार चढतो. महिष पुन्हा समोर असतो.

अनुभूतीची बाजू

स्थानिक कथेत ही भेट देवीपासून सुरू होत नाही. कर्दम ऋषी वारतात. त्यांची पत्नी अनुभूती सती जायला निघते, पण पदरी लहान मूल असल्याने तिला तसे करता येत नाही. मुलाला गुरूंच्या स्वाधीन करून ती मंदाकिनीकाठी तपाला बसते. तिथे कुकुर नावाचा दैत्य तिला पाहतो आणि तिच्या अंगाला हात लावतो. ती देवीचा धावा करते. देवी तत्काळ येते, कुकुर रेड्याचे रूप घेतो, त्रिशूळाने मारला जातो, आणि अनुभूतीच्या विनवणीवरून देवी या डोंगरावर राहते. मूर्तीत अनुभूती आहे ती यामुळे. या लढाईची पहिली साक्षीदार एक विधवा आहे आणि तिच्या हातात शस्त्र नाही.

कुणी तुळजापूरच्या कथेवर खेळ करणार असेल तर त्याने या बाजूने सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. शस्त्राविना खेळता येते हे आता सिद्ध झाले आहे. २०१०च्या ‘अ‍ॅम्नेशिया’मध्ये नायकाकडे तलवार नाही, आणि राक्षसाकडे नुसते पाहत राहिले तरी नायकाची बुद्धी ढासळते. २०१५च्या ‘अंडरटेल’मध्ये जमिनीखालच्या प्रत्येक राक्षसाला न मारता पुढे जाता येते. अनुभूतीच्या डावात खेळाडू नदीकाठी बसलेला असेल. मागून पावले ऐकू येतील, सुरुवातीला माणसाची, मग जड, खुरांची. श्वास मानेवर येईल. पडद्यावर वळण्याची, उठण्याची, पळण्याची बटणे असतील आणि त्यातले कुठलेही दाबले तरी तप मोडेल. आधी शांत बसून राहायचे, आणि धावा नेमका कोणत्या क्षणी करायचा, एवढेच खेळाडूने ठरवायचे. तो लवकर केला तर कुकुर अजून माणसाच्याच रूपात असेल, आणि देवीला समोर माणूस दिसेल.